प्राप्तिकर लोक कशामुळे भरतात? दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली. महाराष्ट्रही त्यात होता. शोध होता खोट्या वजावटींचा: न भरलेले घरभाडे, न दिलेली राजकीय देणगी, न घेतलेले शैक्षणिक कर्ज. बहुराष्ट्रीय कंपन्या, सरकारी उपक्रम आणि शिक्षणसंस्थांतल्या नोकरदारांच्या नावाने असे दावे केले जात होते आणि विवरणपत्र भरून देणारे मध्यस्थ मिळालेल्या रिफंडवर कमिशन घेत होते. मला या तपासणीबद्दलच्या खात्याच्या निवेदनातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपणहून विवरणपत्र दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे दावे मागे घेतले होते. खात्याने त्याआधी एसएमएस आणि ईमेलने लोकांना सावध करायला सुरुवात केली होती.

पगारदार आणि निवृत्तांची मोठी वस्ती असलेल्या पुण्यात हा विषय घरोघरचा आहे. माणूस कर भरतो तो भीतीने, सवयीने, की पटते म्हणून? हा प्रश्न भारतातल्या प्राप्तिकराइतकाच जुना आहे.

१८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरी रिकामी झाली आणि १८६० मध्ये ब्रिटिश सरकारचे इथले अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी इथे प्राप्तिकर आणला. वर्षाला २०० रुपयांपासूनच्या उत्पन्नावर तो बसवला होता. विरोध रयतेपुरता राहिला नाही. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनीच जाहीर विरोध केला आणि त्यांना परत बोलावण्यात आले. १८६५ मध्ये कर बंद पडला. पुढची वीस वर्षे तो कधी धंद्या-व्यवसायांवरचा परवाना कर म्हणून, कधी प्राप्तिकर म्हणून येत-जात राहिला. १८७८ मध्ये परवाना करावरून सुरतेत दंगल झाली. जो कर दर दोन-चार वर्षांनी रूप बदलतो, तो भरण्याची सवय लोकांना लागणार तरी कशी? १८८६ च्या कायद्याने तो एकदाचा स्थिर झाला. ५०० रुपयांखालचे उत्पन्न आणि शेतीचे उत्पन्न करमुक्त राहिले. शेतीची सूट आजही कायम आहे.

याच काळात पुण्यात कराकडे बघण्याची एक वेगळी नजर तयार होत होती. १८९६ च्या दुष्काळात टिळकांच्या प्रभावाखालच्या सार्वजनिक सभेने गावोगाव माणसे पाठवून दुष्काळ संहितेतले, म्हणजे सरकारच्या दुष्काळविषयक नियमांतले, हक्क शेतकऱ्यांना समजावले. पीक बुडाले असेल तर शेतसाऱ्यात सूट मागता येते, हे सरकारचाच नियम सांगत होता. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. गोपाळ कृष्ण गोखले यांचा मार्ग वेगळा होता, पण प्रश्न तोच. २६ मार्च १९०२ च्या अर्थसंकल्पी भाषणात त्यांनी विचारले, की दुष्काळ आणि प्लेगने लोक पिचलेले असताना सरकारी खजिन्यात वर्षानुवर्षे शिल्लक पडते ती कशी? ती शिल्लक समृद्धीची खूण नसून गरजेपेक्षा जास्त वसुलीची खूण आहे, हा त्यांचा मुद्दा होता. मिठावरचा कर कमी करा आणि प्राप्तिकराची मर्यादा १,००० रुपयांवर न्या, अशी त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षी दोन्ही गोष्टी झाल्या. करभरणीचा सगळा भार करदात्याच्या सचोटीवर न टाकता घेणाऱ्याकडेही हिशेब मागणारा हा विचार पुण्याने देशाला दिला, याचा मला अभिमान वाटतो.

वसुलीच्या बाजूने मात्र सगळ्यात मोठा फरक पडला तो एका साध्या सोयीमुळे. पगार हातात येण्याआधीच त्यातून कर कापायचा. सरकारी पगारांसाठी ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकातलीच. १९२२ च्या कायद्यात पगार देणारा कोणीही असो, कापून भरण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. आजचा टीडीएस (उगमाशीच होणारी करकपात) आणि पगारातून कापलेल्या कराचा दाखला असलेला फॉर्म सोळा याच वंशातले. पगारदार माणूस प्रामाणिक मानला जातो, आणि तो असतोही. पण त्याच्यापुढे लपवण्याची संधीच फारशी नसते, हेही खरे. दुकानदार, कंत्राटदार, खासगी शिकवणीवाले यांचे उत्पन्न त्यांनी स्वतः सांगायचे. पगारदारांच्या मनातली जुनी सल इथली आहे: आमचा कर आधी कापला जातो, शेजारच्याचा त्याच्या मर्जीवर.

स्वातंत्र्यानंतर ही सल वाढली. दर चढत गेले आणि १९७३-७४ मध्ये सर्वांत वरच्या टप्प्यावर अधिभारासह ९७.७५ टक्के झाले. शंभरातले सव्वादोन रुपये हाती ठेवणारा कायदा पाळला जाईल अशी अपेक्षा ठेवणेच चूक होते. माजी सरन्यायाधीश के. एन. वांछू यांच्या समितीने १९७१ मध्येच चढे दर हे करचुकवेगिरीचे मोठे कारण म्हणून दाखवले होते. १९७४ मध्ये दर ७७ टक्क्यांवर आला, १९८५ मध्ये अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ५० टक्के केला, आणि १९९७ मध्ये १०, २० आणि ३० टक्के असे तीन टप्पे झाले. १९८५ मध्ये दर उतरूनही वसुली वाढली. पण त्याच वर्षी छापेही जोरात होते, म्हणून श्रेय एकट्या दरकपातीला देता येत नाही.

मधल्या काळात सरकारने एक घातक सवय लावून घेतली: काळा पैसा जाहीर करा, माफी मिळेल. १९५१, १९६५, १९७५, आणि मग १९९७ ची स्वेच्छा प्रकटीकरण योजना. या १९९७ च्या योजनेत सुमारे ३३,००० कोटी रुपये जाहीर झाले. दागिन्यांची किंमत दहा वर्षांपूर्वीच्या भावाने लावता येत असल्याने प्रत्यक्ष कर ३० टक्क्यांपेक्षा बराच कमी पडला आणि महालेखापरीक्षकांनी त्यावर ताशेरे ओढले. ज्याने दरवर्षी वेळेवर भरले त्याला या योजनांनी काय शिकवले? थांबला असतास तर स्वस्तात सुटला असतास. माझ्या मते छापा न पडल्याने जितके नुकसान झाले नसेल, तितके या माफ्यांनी केले.

अर्थशास्त्रात १९७२ मध्ये अलिंगहॅम आणि सँडमो या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, की माणूस पकडले जाण्याची शक्यता आणि दंड यांचा गुणाकार करून ठरवतो. पण तपासणी इतक्या थोड्यांची होते, की या हिशेबाने कितीतरी जास्त लोकांनी कर बुडवायला हवा होता. डेन्मार्कमध्ये सुमारे ४०,००० करदात्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले आणि कोड्याचा मोठा भाग सुटला. ज्या उत्पन्नाची माहिती मालक किंवा बँक परस्पर कळवते, तिथे लपवाछपवी जवळपास नव्हती. जे स्वतः सांगायचे, तिथे भरपूर होती. माणसे तीच, फरक माहितीचा.

भारतातही गेल्या पंचवीस वर्षांची गोष्ट याच माहितीची आहे आणि तिचा एक धागा पुण्यातून जातो. १९७६ मध्ये बंधनकारक झालेला पॅन १९९५ मध्ये नव्या दहा अक्षरी रूपात आला. २००३ पासून अर्ज घेण्याचे काम खात्याबाहेरच्या संस्थांकडे जाऊ लागले आणि त्यांतल्या एनएसडीएल या संस्थेकडचे देशभरातले कागदी अर्ज पुण्यात बाणेर, मॉडेल कॉलनी इथल्या तिच्या कार्यालयांच्या पत्त्यावर येत राहिले. घरभाड्याची सूट मागताना वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. सोयीच्या घरभाडे पावत्यांना त्याने मोठा चाप बसला. १ जून २०१५ पासून सहकारी बँकांना सभासदांच्या ठेवींवरील व्याजातूनही टीडीएस कापणे भाग पडले. सहकारी बँकांत आयुष्याची पुंजी ठेवणाऱ्या पुण्यातल्या ज्येष्ठांना पंधरा एच फॉर्म (आपल्याला कर लागत नाही, म्हणून टीडीएस कापू नका, असे कळवणारा) पाठ झाला तो अशा बदलांमुळे. २०२१ मध्ये वार्षिक माहिती विवरण आले: व्याज, लाभांश, शेअरविक्री, घरखरेदी, सगळे एका जागी. मूल्यांकन वर्ष २०२४-२५ (म्हणजे २०२३-२४ चे उत्पन्न) साठी ३१ जुलै २०२४ पर्यंत ७.२८ कोटींहून अधिक विवरणपत्रे दाखल झाली.

ते ४०,००० दुरुस्त दावे या साखळीच्या टोकाशी येतात. खात्याकडे माहिती आहे हे कळले, आणि दुरुस्तीचे दारही उघडे होते. जुनी चूक नंतर सुधारू देणाऱ्या, २०२२ मध्ये आलेल्या अद्ययावत विवरणपत्राची मुदत दोन वर्षांवरून २०२५ मध्ये चार वर्षे केली गेली. इथे जादा कर भरावा लागतो, म्हणून जुन्या माफीपेक्षा हा मार्ग मला न्याय्य वाटतो.

रोखीतला व्यवहार अजून या जाळ्याबाहेर आहे, आणि पगारदाराची सल तिथेच टिकून आहे. दुसरीकडे, जाळ्यातली नोंद चुकीची असली तर ती निस्तरण्याचा त्रास प्रामाणिक माणसालाच होतो. ऑगस्ट २०२० च्या करदात्यांच्या सनदेत खात्याने करदात्याला प्रामाणिक मानण्याचे वचन दिले आहे. माहिती विवरणात चुकीच्या नोंदीवर हरकत घेण्याची सोय आहे, पण ती हरकत पुष्टीसाठी पुन्हा त्याच बँकेकडे किंवा कंपनीकडे जाते. १ एप्रिल २०२६ ही नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलाची तारीख. त्यात कलमे ८१९ वरून ५३६ झाली आणि मूल्यांकन वर्षाच्या जागी करवर्ष आले. अशी हरकत किती दिवसांत निकाली निघते, हे मात्र कलमांच्या संख्येवर ठरणार नाही. ते त्या बँकेतल्या आणि खात्यातल्या माणसांच्या कामावर ठरेल.