फुगणारी जमीन आणि खालचा शिलारस: एका मॉडेलची पार्श्वभूमी

इटलीत नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावात एका रोमन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. तळापासून साधारण साडेतीन मीटरपर्यंत ते गुळगुळीत आहेत. त्यावरचा अडीच-पावणेतीन मीटरचा पट्टा मात्र भोकांनी चाळण झालेला. ही भोके दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांची. खांबांचा खालचा भाग गाळाराखेत गाडला गेल्यामुळे वाचला आणि वरचा पाण्यात राहिला. म्हणजे बाजार बांधला गेला जमिनीवर, मग तो समुद्राखाली गेला आणि पुन्हा वर आला, आणि एवढे होऊनही खांब उभेच राहिले. चार्ल्स लायेल यांनी १८३० साली आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात मुखचित्र म्हणून हेच खांब छापले. त्यांच्या दृष्टीने जमीन हलते याचा तो पुरावा होता. हलवते कोण, हा प्रश्न पुढच्या लोकांनी हाती घेतला आणि त्यातूनच फुगवट्यावरून शिलारसाची खोली सांगणारे ‘मोगी मॉडेल’ घडले; ही त्याचीच पार्श्वभूमी.

पोझ्झुओली ‘काम्पी फ्लेग्रेई’ या विशाल ज्वालामुखी-कुंडाच्या मधोमध वसले आहे. १५३८ साली तिथे उद्रेक होऊन ‘मोंते नुओव्हो’ ही नवी टेकडी उभी राहिली. त्याआधी किनारा इतका उचलला गेला होता की समुद्र मागे हटला आणि उघड्या पडलेल्या तळावरचे मासे लोकांनी वेचले.

पण डोळ्यांना दिसणे वेगळे आणि मोजणे वेगळे. मोजण्यातले एक महत्त्वाचे पाऊल जपानमध्ये पडले. तिथला साकुराजिमा ज्वालामुखी १९१४ च्या जानेवारीत उसळला. त्यानंतर भूकंपतज्ज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी त्याच्या भोवतालच्या कागोशिमा उपसागराभोवती उंचीची पुन्हा केलेली मोजणी जुन्या नोंदींशी ताडून पाहिली. जमीन मोठ्या परिसरात खचली होती आणि सर्वांत जास्त खचली होती ती ज्वालामुखीच्या शिखराखाली नव्हे, तर त्याच्या उत्तरेला उपसागराच्या बाजूला. पखाल रिकामी झाली की वरचे कातडे बसते, तसेच काहीसे.

मोजणीला उपकरणेच लागतात असेही नाही. १९४३ च्या अखेरीस जपानच्याच होक्काइदो बेटावर उसु ज्वालामुखीच्या पायथ्याशी शेतजमीन फुगू लागली. युद्धाचे दिवस होते, तज्ज्ञांना तिकडे लक्ष देणे कठीण होते. तिथले पोस्टमास्तर मासाओ मिमात्सु यांनी दोऱ्या आडव्या ताणल्या, हनुवटी टेकवायची जागा पक्की केली आणि त्याच एका जागेवरून टेकडीची रूपरेषा पुनःपुन्हा कागदावर उतरवली. १९४५ पर्यंत ‘शोवा-शिन्झान’ हा नवा डोंगर तयार झाला. त्याच्या वाढीचा हा आलेख आजही मिमात्सुंच्या नावानेच ओळखला जातो. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत आदर वाटतो तो या माणसाचा.

खाली काय चालले आहे हे वरच्या आकड्यांवरून काढण्याची निर्णायक उडी १९५८ साली जपानी भूकंपतज्ज्ञ कियो मोगी यांनी घेतली. साकुराजिमा आणि हवाईतील किलाउआ या ज्वालामुखींवरची मापने त्यांनी एका साध्या कल्पनेत बसवली. जमीन म्हणजे एकजिनसी, स्थितिस्थापक (दाब गेला की मूळ आकारात परतणारा) ठोकळा आणि त्यात खोलवर एक लहानसा गोल, म्हणजे शिलारसाचा साठा. गोलातला दाब वाढला की पृष्ठभाग घुमटासारखा उचलला जातो, घटला की बसतो. या कल्पनेची खरी कमाई तिच्या भूमितीत आहे. फुगवट्याची उंची मध्यापासून जितक्या अंतरावर निम्मी होते, ते अंतर गोलाच्या खोलीच्या सुमारे ०.७७ पट असते. समजा ७.७ किलोमीटरवर उंची निम्मी झाली, तर गोल १० किलोमीटर खोल आहे. साकुराजिमाखाली मोगी यांना आलेले उत्तर साधारण एवढेच होते. एकही भोक न पाडता शिलारसाची खोली कळणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. वेधशाळांमध्ये पहिला अंदाज आजही याच सूत्राने काढतात.

अर्थात, खरा शिलारस गोल नसतो. तो भेगांमधून भिंतीसारखा उभा घुसतो किंवा थरांमध्ये आडवा पसरतो. १९८५ साली योशिमित्सु ओकाडा यांनी भेगा आणि प्रस्तरभंगांसाठी (खडक तुटून सरकतात त्या जागांसाठी) सूत्रे दिली आणि ती ज्वालामुखीतज्ज्ञांनी लगेच उचलली. पण त्याच्या दहा वर्षे आधीच, १९७५ मध्ये, जेम्स डायटरिख आणि रॉबर्ट डेकर यांनी संगणकी गणिताने एक इशारा दिला होता. वेगवेगळ्या आकारांचे साठे जमीन जवळजवळ सारखीच उचलू शकतात, तेव्हा नुसत्या उंचीवरून आकार ठरवू नये, आडवे सरकणेही मोजावे. माझ्या मते हा इशारा मोगींच्या सूत्राइतकाच मोलाचा आहे. सूत्र बसले म्हणजे कारण सापडले, असे मानण्याचा मोह फार असतो.

पुढे उपग्रह आले. ‘ईआरएस-१’ या युरोपीय उपग्रहाच्या वेगवेगळ्या वेळच्या रडार प्रतिमा एकमेकींवर बसवून दिदिए मासोने आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली एटना ज्वालामुखी बसत असल्याचे दाखवले. त्या प्रतिमांत रंगाचा एक पट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंटिमीटर हालचाल. जिथे कधी कोणी खुंटीही रोवली नव्हती, अशा डोंगरांचे मापन त्यातून सुरू झाले.

एवढे होऊनही पोझ्झुओलीचा तिढा सुटलेला नाही. १९८२ ते १९८४ या काळात तिथली जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली आणि जवळपास ४०,००० लोकांना घरे सोडावी लागली. उद्रेक मात्र झालाच नाही. पुढची वीस वर्षे जमीन हळूहळू बसत राहिली. वर ढकलणारा शिलारस होता की तापलेले पाणी आणि वायू, यावर अजून वाद आहे, कारण दाब कशाचाही असला तरी फुगवटा सारखाच दिसतो. म्हणून आता गुरुत्वाकर्षणातला सूक्ष्म फरक आणि वायूंचे रसायन यांचीही जोड घेतली जाते. शिलारस जड, वाफ हलकी, या साध्या फरकावर ती सारी भिस्त आहे. २००५ पासून जमीन पुन्हा वर येते आहे. एव्हाना ती एक मीटरहून जास्त उचलली गेली आहे आणि गावच्या छोट्या बंदरात पाणी इतके उथळ झाले आहे की मासेमारीच्या होड्या तळाला टेकतात.