वन्यजीव छायाचित्रण

वन्यजीव छायाचित्रण : मोकळ्या रानात, पाण्यात वा आकाशात जगणाऱ्या प्राण्यांची त्यांच्याच अधिवासात जाऊन छायाचित्रे टिपण्याची कला. पिंजऱ्यात किंवा कुंपणात ठेवलेल्या प्राण्याचा फोटो कितीही देखणा असला तरी तो या सदरात धरत नाहीत. इथे प्राण्याला केव्हाही उठून निघून जाण्याची मोकळीक असते आणि ती मान्य करूनच फोटोग्राफरला काम करावे लागते. बहुतेकांसाठी ही कला प्रवासातच घडते, कारण प्राणी ज्या मुलखात आणि ज्या हंगामात दिसतो तिथे आणि तेव्हाच पोचावे लागते. सगळा खटाटोप एका गोष्टीभोवती फिरतो : माणूस आणि जनावर यांच्यातले अंतर. ते भिंगाने तोडायचे, पायांनी तोडायचे, की प्राण्याच्या मर्जीवर सोडायचे, यावर फोटोचा कस ठरतो आणि प्राण्याचे बरेवाईटही.

स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी ‘पलायन अंतर’ ही कल्पना मांडली. माणूस एका मर्यादेपर्यंत आला तर प्राणी त्याला चालवून घेतो. मर्यादा ओलांडली की पळतो, आणि पळायला वाव नसेल तर उलटतो. ही मर्यादा जातीनुसार बदलते, तशी अनुभवानुसारही. जिथे शिकार होते तिथली हरणे माणूस लांबवर दिसताच उधळतात. गॅलापागोस बेटांवर मात्र निळ्या पायांचे बूबी पक्षी पायवाटेच्या कडेलाच अंडी उबवत बसतात. गाडीला सरावलेला सिंह गाडीच्या सावलीत झोपतो, पण त्याच गाडीतून माणूस खाली उतरला की तो लगेच सावध होतो.

आपण फार जवळ आलो आहोत, हे प्राणी आधी सांगतो. ते ओळखता येणे हे या कलेतले खरे शिक्षण. चरणारे हरीण तोंड थांबवते, मान ताठ करते, कान तुमच्याकडे वळवते, मग पुढचा पाय जमिनीवर आपटते. फांदीवरचा शिकारी पक्षी पिसे अंगासरशी आवळतो, पुढे झुकतो, बऱ्याचदा विष्ठा टाकतो आणि उडतो. उड्डाणाचा फोटो हवा असणारे याच क्षणावर नजर ठेवून असतात. तो पक्षी स्वतःच्या कामासाठी उडत असेल तर फोटो उत्तम. तुमच्या पावलामुळे उडत असेल तर त्याची बसण्याची जागा, कदाचित त्या वेळची शिकारही तुम्ही हिरावलेली असते.

इतिहास

सुरुवातीच्या काळात हलता प्राणी टिपणे जवळपास अशक्यच होते. चित्र उमटवणाऱ्या काचेच्या प्लेटा संथ होत्या, कॅमेरे जड होते. म्हणून आरंभ घरट्यांपासून झाला. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी १८९२ साली घरट्यातल्या अंड्यांचा फोटो घेतला आणि पुढे १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवरचे सचित्र पुस्तक काढले. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून पोकळ बैल तयार केला होता. आत माणूस आणि कॅमेरा, बाहेर चरणाऱ्या गुराचा देखावा. फोटोग्राफर ज्यात दडून बसतात त्या आजच्या कापडी लपणांचा हा पूर्वज म्हणावा लागेल.

अमेरिकेत जॉर्ज शायरस यांनी रात्र जिंकली. ते मूळचे शिकारी. रात्री होडीच्या नाकाडावर दिवा लावून काठावरच्या हरणांचे चमकणारे डोळे शोधण्याची शिकाऱ्यांची युक्ती त्यांनी उचलली आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा व मॅग्नेशियमची भुकटी आणली. पुढे त्यांनी वाटेवर दोरी ताणून ठेवली : प्राण्याचा पाय लागला की भुकटीचा भडका उडायचा आणि प्लेट उमटायची. आजच्या कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे प्राणी समोर येताच आपोआप फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याचे, मूळ याच दोरीत आहे. जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये त्यांची ७४ छायाचित्रे आली, आणि रात्रीचे रान वाचकांना पहिल्यांदा इतक्या जवळून दिसले.

भारतात वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर ताणलेल्या तारेची हीच पद्धत वाघांसाठी वापरली. त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये निघाले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, हे त्यांना आपल्याच फोटोंत दिसले होते. जिम कॉर्बेट बंदूक ठेवून कॅमेऱ्याकडे वळले त्यामागेही चॅम्पियन यांचा प्रभाव होता. जवळ जाण्याची किंमत काहींनी स्वतः मोजली : ब्रिटिश पक्षिछायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांनी १९३७ मध्ये घरट्याची राखण करणाऱ्या घुबडाच्या हल्ल्यात डावा डोळा गमावला. त्यानंतरही त्यांनी आयुष्यभर पक्ष्यांचेच फोटो काढले.

भिंग, उजेड, वारा

लांब भिंग हे अंतर राखूनही जवळून पाहण्याचे साधन. भिंगाची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतात; आकडा जितका मोठा तितका प्राणी जवळ दिसतो. मोठ्या प्राण्यांना ३०० ते ४०० मिमी पुरते. पक्ष्यांना ५०० किंवा ६०० मिमी अपुरे वाटू लागते. पण लांब भिंग कामही वाढवते. ६०० मिमी भिंग एफ/४ वर, म्हणजे बरेच रुंद, उघडून १० मीटरवरच्या प्राण्यावर रोखले, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६-७ सेंटिमीटरचा असतो. बिबट्याच्या नाकावर फोकस बसला की डोळे धूसर. म्हणून फोकस डोळ्यावरच, हा नियम सगळे पहिल्या दिवशी शिकतात आणि घाईत सगळ्यात आधी तोच मोडतात. भिंगामागे टेलिकन्व्हर्टर (जादा जोडभिंग) लावला तर पल्ला वाढतो, पण १.४ पटीचा एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड खातो आणि २ पटीचा दोन.

हात हलण्याचा दोष टाळायला शटर स्पीड (शटर किती झटकन उघडून मिटते तो वेग) निदान भिंगाच्या लांबीइतका ठेवावा असा जुना दंडक आहे : ५०० मिमीला १/५०० सेकंद. आता भिंगांत आणि कॅमेऱ्यांत स्थिरीकरण असल्याने बसलेल्या प्राण्यासाठी त्याहून कमीवर निभावते. पळत्या चित्त्याला किंवा सूर मारणाऱ्या खंड्याला मात्र १/२००० किंवा त्याहून जास्त वेग लागतो, कारण तिथे हलतो तो प्राणी. गाडीच्या खिडकीत वाळूची किंवा धान्याची पिशवी, म्हणजेच बीनबॅग, ठेवून त्यावर भिंग टेकवणे हा कुठल्याही महागड्या स्टँडइतका भरवशाचा उपाय आहे. इंजिन तेवढे बंद हवे, नाहीतर त्याची थरथर थेट फोटोत उतरते.

काही गोष्टींवर उपकरणांचा उतारा नाही. दुपारी तापलेल्या माळावर जमिनीलगत हवा लहरते आणि १०० मीटरवरचे काळवीट पाण्यात पाहिल्यासारखे दिसते. तिथे कोणतेही भिंग हतबल. म्हणून सकाळचे आणि संध्याकाळचे दोन तास मोलाचे. बर्फात कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर पांढऱ्याला करडे समजतो, तेव्हा एक-दीड स्टॉप वर घ्यावे लागते. थंडीतून उबदार खोलीत येताना कॅमेरा पिशवीत घट्ट बंद ठेवावा, नाहीतर काचेवर दव धरते. विमानप्रवासात जादा लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. फोटोंच्या दोन प्रती रोज रात्री दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

हंगाम आणि जागा

नकाशावरच्या जागेइतकाच तिथला महिना महत्त्वाचा असतो, आणि महिना ठरतो तो प्राण्याच्या गरजेवरून. कॅनडातल्या चर्चिलजवळ ध्रुवीय अस्वले ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमतात, कारण हडसन उपसागर गोठायची ती वाट पाहत असतात. बर्फ धरल्याशिवाय त्यांना सीलची शिकार करता येत नाही. ब्राझीलच्या पांतानाल या पाणथळ प्रदेशात साधारण जून ते ऑक्टोबर पाणी ओसरते, केमन मगरी नदीकाठी दाटतात आणि त्यांच्यामागे जॅग्वार काठावर येतो. विल्डबीस्ट या आफ्रिकी कुरंगांचे कळप गवतामागे फिरत साधारण जुलै ते ऑक्टोबर केनियातल्या मसाई मारात असतात. जपानमधल्या होक्काइडोच्या रौसू किनाऱ्यावर हिवाळ्याच्या शेवटी वाहत आलेल्या बर्फावर स्टेलरचे समुद्रगरुड उतरतात. भारतातल्या व्याघ्रप्रकल्पांत एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटत जातात आणि उरलेल्या पाण्यावर वाघासकट सगळे येतात.

याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. प्राणी हमखास दिसतो तेव्हा तो बहुधा तहानलेला, भुकेला, विणीत गुंतलेला किंवा लांबच्या स्थलांतराने थकलेला असतो. आपला सर्वांत सोयीचा काळ तो त्याचा सर्वांत नाजूक काळ. पाणवठ्याच्या तोंडाशी गाड्या लागल्या तर तहानलेले जनावर परत फिरते.

पाच दिवस हाताशी असतील तर ते पाच अभयारण्यांत वाटण्यापेक्षा एका पाणवठ्याला द्यावेत. तिसऱ्या दिवशी कुठली मोर-लांडोर कुठून उतरते, कोणत्या वेळी वारा फिरतो, माकडाची कोणती हाक खरी धोक्याची, हे कळू लागते आणि फोटो शोधत फिरावे लागत नाही.

घरट्यापाशी

नदीच्या गोट्यांच्या पट्ट्यावर कंठेरी चिखल्या या छोट्या पाणपक्ष्याची अंडी उघड्यावरच असतात. चार, निमुळती टोके आत वळवून ठेवलेली, अगदी आजूबाजूच्या खड्यांच्या रंगाची. पाच पावलांवरूनही ती दिसत नाहीत. दिसतो तो पक्षी. तो अचानक समोर येतो, एक पंख जमिनीवर फरफटवतो, शेपटी पसरून तोल गेल्यासारखा कोलमडतो आणि केविलवाणा ओरडत चार हात पुढे पळतो. फोटोग्राफर हरखतो. उघडा पंख, पसरलेली शेपटी, डोळ्यात चमक. भराभर फ्रेम पडत जातात. पक्ष्याचा पंख मोडलेला नाही. तो शत्रूला अंड्यांपासून लांब नेतो आहे, आणि तो शत्रू म्हणजे हातात कॅमेरा असलेला माणूस. मागे भर उन्हात अंडी तापत असतात, आणि भ्रूण मरायला फार वेळ लागत नाही. ठशांचा माग काढत कोल्हाही तिथवर येऊ शकतो. अशा वेळी आल्या वाटेने सावकाश मागे फिरावे. तसा फोटो मिळालाच तर तो मिरवू नये. जाणकाराला त्यात अंड्यांवरून उठवलेला पक्षीच दिसतो.

नियम आणि खोटेपणा

ठिकठिकाणी हे अंतर आता आकड्यांत लिहिले गेले आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वले व लांडगे यांच्यापासून सुमारे ९१ मीटर आणि इतर बहुतेक प्राण्यांपासून २३ मीटर दूर राहावे लागते. अंटार्क्टिकात पर्यटकांनी पेंग्विनपासून किमान ५ मीटर राहायचे असते. पेंग्विन स्वतः चालत आला तर हालचाल न करता थांबायचे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर सक्तीचे आहे. पर्वतीय गोरिलांजवळ एका गटात जास्तीत जास्त ८ पर्यटक आणि एकच तास, फ्लॅश बंद. माणसाच्या साध्या सर्दीचा संसर्गही त्यांना घातक ठरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनला मनाई आहे.

नियमपुस्तकात नसलेल्या गोष्टीही असतात. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावले की तो आपल्या हद्दीत घुसखोर आला समजून धावून येतो, पिल्लांना भरवायचा वेळ आणि ताकद खर्च करतो. घुबडापुढे उंदीर सोडून सूर मारतानाचा फोटो घेणे हेही तसलेच. माणूस आणि रस्ता म्हणजे अन्न, अशी सवय लागलेले घुबड गाडीखाली सापडते. फोनमधल्या फोटोत जागेची नोंद आपोआप दडलेली असते, ती पुसल्याशिवाय गेंड्याचा किंवा दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचा फोटो जगजाहीर करू नये. शिकारी टोळ्याही ते फोटो पाहतात.

नाव आणि बक्षीस यांच्या हव्यासापायी खोटे फोटोही झाले. १९६० च्या दशकापासून चालत आलेल्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेने दोन गाजलेली पारितोषिके मागे घेतली. २००९ चा फाटकावरून उडी मारणारा लांडगा बहुधा पाळीव होता, आणि २०१७ च्या चित्रातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असण्याची दाट शक्यता आहे, असे परीक्षकांचे मत पडले. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. प्राणी बंदिस्त होता का, आमिष ठेवले होते का, कॅमेरा आपोआप चालला का, हे फोटोखाली लिहिण्याची पद्धत म्हणूनच महत्त्वाची आहे.

विज्ञानाला उपयोग

चॅम्पियन यांना दिसलेले पट्ट्यांचे वेगळेपण पुढे मोजणीच्या कामी आले. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्लास कारंथ यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून एकेक वाघ ओळखून संख्येचा अंदाज बांधण्याची पद्धत रुजवली. व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके जुळवायला खगोलशास्त्रज्ञांची ताऱ्यांचे नकाशे जुळवण्याची गणिती रीत वापरली जाते. त्यात पर्यटकांचे फोटोही चालतात.

कुबड्या देवमाशाच्या बाबतीत तर पर्यटकांच्या फोटोंवर बरेच काही उभे आहे. त्याच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग आणि कडांची दातेरी रेघ प्रत्येकाची वेगळी असते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘हॅपीव्हेल’ या उपक्रमात कोणीही असा फोटो पाठवू शकतो. संगणक तो आधीच्या फोटोंशी ताडून पाहतो. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ जहाजावरून टिपलेली शेपटी कोलंबिया किंवा पनामाच्या किनाऱ्यावर टिपलेल्या शेपटीशी जुळली, की एका प्राण्याचा हजारो किलोमीटरचा प्रवास नोंदला जातो. त्यासाठी होडी जवळ न्यावी लागत नाही. देवमासा खोल बुडी मारायला पाठ फिरवतो, शेपूट पाण्याबाहेर उचलतो, आणि तो दूर निघालेला असतानाच हा फोटो मिळतो.