लढाई आवडणारा खेळाडू आणि लढाईच सुचणारा खेळाडू

रविवारी मिसळ झाली की दुपारी नाशिकच्या इंदिरानगरला आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा गट बसतो. टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन आणि फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा हा खेळ. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम सांभाळणारा; खेळाडू पाच. त्यातल्या दोघांचा हात सारखा तलवारीकडे जातो. बरेच महिने मी या दोघांना एकाच मापाने मोजलं आणि गट मोडायची वेळ आली.

पहिला बँकेत आहे. इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत पाळीचा क्रम ठरवणारा फासा, टाकायला सांगितलं की तो पुढे सरकून बसतो. टेबलावर चौकटींचा कागद असतो, गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, म्हणून शेंगदाणे मांडलेले असतात. तो बोटाने चौकटी मोजत विचारतो, "पूल किती रुंद आहे रे? आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो तर वाट अडेल का?" लढाई त्याच्यासाठी कोडं आहे. संपल्यावरही चहा पिताना तो तेच बोलत असतो, जादूगाराला मागे ठेवायला हवं होतं म्हणून.

दुसरा कॉलेजात शिकतो. मी म्हणतो, "फाटकावर पहारेकरी उभा आहे, तो तुम्हाला..." तोवर वीस बाजूंचा फासा त्याच्या हातातून सुटलेला असतो. "दादा, मी मारतो." पूल किती रुंद, समोर किती जण, काही विचारत नाही. शत्रू पडला की फोन काढतो.

वरवर दोघंही मारामारीवालेच. म्हणून मी लढाया कमी केल्या आणि दरबार, वाटाघाटी, एका खुनाचा तपास असं सगळं आणलं. बँकवाला दोन रविवार आलाच नाही. कॉलेजवाल्याने भर दरबारात राजदूतावर सुरी उगारली.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आम्ही या खेळाच्या नियमांची पाचवी आवृत्ती खेळतो. तिच्यात लढाईची एक फेरी सहा सेकंदांची आणि त्या फेरीत प्रत्येकाची पाळी ठरलेली. सरकायचं किती, करायचं काय, सगळं पात्राच्या माहितीच्या कागदावर, शीटवर, लिहिलेलं. दरबारात पाळी नसते. जो मोठ्याने आणि भराभर बोलतो त्याचंच चालतं. आमच्याकडे तिघं तसे आहेत. कॉलेजातल्या मुलाला आपलं म्हणणं हमखास ऐकलं जाईल अशी एकच जागा दिसत होती, ती म्हणजे लढाई. राजदूतावरची सुरी म्हणजे त्याने स्वतःची पाळी ओढून घेतली होती. त्यासाठी मी त्याला सगळ्यांसमोर बोललो, याचं मला अजून वाईट वाटतं.

दोघांचं औषध उलटं आहे. पहिल्याला लढाया थोड्या दिल्या तरी चालतात, पण चांगल्या हव्यात: उंचसखल जागा, मारण्यापलीकडचं काही साधायचं, आणि जीव वाचवायला पळणारा शत्रू. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात शत्रूच्या धीराचा नियम आहे. साथीदार पडू लागले की दोन फासे टाकायचे. बेरीज त्या शत्रूच्या धीराच्या ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की तो लढाई सोडतो. मी तो जसाच्या तसा उचलला.

दुसऱ्याला लढाईबाहेर पाळी द्यावी लागते. मी आता संवादाच्या प्रसंगातही टेबलाभोवती क्रमाने विचारतो. "काय करतोस?" एवढंच त्याला पुरत नाही. त्यातून वाट दिसत नाही, म्हणून तो तलवार धरतो. दोन-तीन ठोस वाटा समोर ठेवाव्या लागतात.

सध्या आमच्या खेळातली मोहीम नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर आहे. आशेवाडीच्या वरचा हा गड आमच्यापैकी सगळ्यांनीच चढलेला आहे. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि कित्येक वर्षं तो हाती लागला नाही. तोफा नव्हत्या म्हणून गडकऱ्यांनी लाकडाच्या केल्या, असं सांगतात. आमच्या खेळात रात्रीतून धान्य वर चढवायचं होतं. बँकवाल्याला काम दिलं: पोती वर येईपर्यंत पाच फेऱ्या खिंडार धरायचं. त्याने शेंगदाण्यांची सबंध रांग तीन चौकटींत कोंडली.

खाली वाटेवर चौकी होती. मी कॉलेजातल्याला म्हटलं, "एकटा शिपाई थंडीने कुडकुडतोय. त्याच्याशी बोलशील, मागून सरकशील, की मारशील?" आणि थांबलो. मी थांबलो की इतर तिघं बोलायला लागतात, म्हणून त्यांना हातानेच गप्प केलं. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "त्याला चिलीम देतो."

त्याच बेसिक संचात समोरच्याचा कल ठरवायलाही दोन फासे आहेत: २ आले तर तो थेट तुटून पडतो, १२ आले तर दोस्ती. मी ते त्यालाच टाकायला दिले. दहा आले. म्हणजे हल्ला नाही, देणंघेणं जमू शकतं.

शिपायाने धान्य सोडलं, वर गडावरच्या एका बंदीला निरोपही दिला. आता त्या निरोपाचं पुढे काय झालं, हे तो मुलगा मला आठवडाभर मेसेज करून विचारतोय.