पावणेतीन मिलिमीटर : मिरज जंक्शनचं मॉडेल आणि 'चालू कामां'चं टेबल

सांगली-मिरजेतले स्केल मॉडेल करणारे महिन्यातून एकदा आपापली कामं घेऊन एकत्र बसतात. तेव्हा टेबलावर पूर्ण झालेलं मॉडेल क्वचितच दिसतं. मागच्या बैठकीत 1:72 चं मरुत हे भारतीय लढाऊ विमान होतं, पंखाच्या मुळाशी भरलेली पुट्टी घासायची बाकी. प्लास्टिक शीटमधून कापलेला विजयंताचा टरेट, म्हणजे तोफ बसवलेला फिरता वरचा भाग, होता, खाली रणगाडाच नाही. आणि मिरजेच्या फलाटाचा दीड फुटाचा तुकडा होता, नुसते खांब उभे, छप्पर नाही. पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं, आपण प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी येऊन पोचलो. पण ही मंडळी मुद्दामच अशी बसतात. ही रीत विमानवाल्यांनी पाडली असं अनेकांना वाटतं, तसं नाही. ती रुळांवरून आली, आणि नेमकं बोलायचं तर रुळांमधल्या पावणेतीन मिलिमीटरवरून.

या छंदातली प्रमाणं सोयीतून जन्मलेली आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. 1:72 म्हणजे 1 इंचात 6 फूट; इंच-फुटात विचार करणाऱ्या देशात हिशेब तोंडी व्हावा म्हणून ते रुळलं. 1936 मध्ये इंग्लंडात प्लास्टिकची पहिली विमानं याच मापात निघाली. 1942 मध्ये अमेरिकेत शाळकरी मुलांकडून शत्रूची आणि मित्रांची विमानं ओळखण्यासाठी लाकडी मॉडेलं करून घेतली, तीही 1:72 मध्येच. रणगाड्यांचं 1:35 तर त्याहून सोयीचं: साठीच्या दशकात एका जपानी कंपनीने पँथर रणगाड्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला, भागाकार मागून झाला. आपल्याकडे 1991 च्या आधी यातलं फारसं काही पोचत नव्हतं. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून एखादं किट यायचं आणि ते फोडायचं की तसंच ठेवायचं, यावर घरात महिनाभर खल चालायचा.

आगगाड्यांच्या मॉडेलातली तडजोड मात्र वेगळ्या जातीची होती. 1:87 मध्ये 1 फुटाला 3.5 मिमी येतात आणि 1435 मिमीचं स्टँडर्ड गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बरोबर 16.5 मिमीवर बसतं. ब्रिटिश इंजिनं अंगाने बारीक. 1920 च्या दशकातल्या मोटरी त्यांच्या मापाच्या बॉडीत मावेनात, म्हणून तिथल्या लोकांनी बॉडी फुटाला 4 मिमी धरून मोठी केली, 1:76 वर नेली, आणि रूळ 16.5 चेच ठेवले. तेव्हापासून तिथली मॉडेलं अरुंद रुळांवर रुंद अंगाने धावतात. पुढे काही जणांना ते सहन होईना. त्यांनी 1:76 ला बरोबर बसणारे 18.83 मिमीचे रूळ हाताने घालायला घेतले. हाच वाद आमच्याकडे पुढे बराच गाजला.

आता मिरज. 1890 च्या सुमारास पुण्याकडून मीटरगेज आलं, 1891 मध्ये ते कोल्हापूरला पोचलं. 1927 मध्ये पंढरपूरकडून बार्शी लाइट रेल्वेचं नॅरोगेज मिरजेपर्यंत आलं, रुळांमधलं अंतर 762 मिमी. 1971 मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झालं, 1676 मिमी. दक्षिणेकडची लाइन नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिली. म्हणजे वीस-एक वर्षं एकाच जंक्शनात तीन मापांचे रूळ शेजारी शेजारी नांदत होते, आणि एका गाडीतून दुसरीत सामान चढवणारे हमाल त्या तिन्हींमध्ये दिवसभर ये-जा करत होते. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना ते सांगावं लागत नाही. ज्यांनी नाही पाहिलं त्यांच्यासाठीच हे मॉडेल करायचं ठरलं, कारण नंतर बार्शी लाइटही टप्प्याटप्प्याने उखडली गेली आणि दाखवायला जागेवर काही उरलं नाही.

2015 च्या आसपास आमच्यातल्या पाच-सहा जणांनी एकत्र मिळून हे जंक्शन करायला घेतलं. प्रमाण 1:87 ठरलं. त्यावर वाद झाला नाही, कारण या प्रमाणात आकडे मोहात पाडणारे होते. 762 ला 87 ने भागलं की 8.76 येतात, बाजारात 9 मिमीचा तयार रूळ मिळतो, फरक पाव मिलिमीटर. 1000 ला भागलं की 11.5, तयार रूळ 12 चा, फरक अर्धा. शिवाय डब्ल्यूडीएम-2 हे मुळात अमेरिकन घराण्याचं डिझेल इंजिन असल्याने त्याच्याशी जुळणाऱ्या सहाचाकी बोग्या 1:87 मध्ये सापडतात. मग ब्रॉडगेजचा भागाकार केला, आणि तिथे गाडी अडली. 1676 भागिले 87 म्हणजे 19.26. तयार रूळ 16.5 चा. फरक पावणेतीन मिलिमीटर, खऱ्या रुळांवर जवळजवळ चोवीस सेंटिमीटर. जी लाइन तिघींत सगळ्यात रुंद, तीच मॉडेलात सगळ्यात खोटी.

या पावणेतीन मिलिमीटरवर दीड वर्ष वाद चालला. एका बाजूचं म्हणणं सरळ होतं: तीन फुटांवरून पाहणाऱ्याला काही कळत नाही, तयार रूळ घ्या, तयार सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे जोड) घ्या, आणि आपलं आयुष्य फलाट, सिग्नल आणि कडुलिंबाच्या झाडांवर घालवा. त्यात तथ्य होतं. रूळ रुंद केला की प्रत्येक इंजिनाचे, प्रत्येक डब्याचे अॅक्सल बदलावे लागतात, आणि सांधे तर बाजारात मिळतच नाहीत. ते स्वतः बसून घडवायचे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं, आपण सुंदर स्टेशन करायला निघालेलो नाही, तीन गेज दाखवायला निघालो आहोत. तिन्हींमधलं नातंच चुकलं तर मग दाखवणार काय? खरं ब्रॉडगेज बार्शी लाइटच्या जवळजवळ सव्वादोन पट आहे. तयार रुळांवर ते दुपटीलाही पोचत नाही.

मी दुसऱ्या बाजूचा होतो आणि आजही आहे. तीन फुटांवरून कळत नाही हेही मला पटत नाही. आपल्या डब्याची रुंदी सव्वातीन मीटर, म्हणजे मॉडेलात सदतीस मिलिमीटर. तो 16.5 च्या रुळावर उभा केला की समोरून पाहताना जाड माणूस पाय जुळवून उभा राहावा तसा दिसतो. लहान मुलांनाही ते खटकतं, फक्त काय खटकतंय ते त्यांना सांगता येत नाही.

वाद शब्दांनी मिटेना. तेव्हा आमच्यातले सर्वांत वयस्क, रेल्वेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "बोलून काय व्हायचं न्हाई. करून आणा. जेवढं झालंय तेवढं आणा." त्या काळात आमच्याकडे अपुरं काम आणायची पद्धत नव्हती. अपुरं काम म्हणजे कमीपणा. डेकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं, आकडे) बसल्याशिवाय, मॅट वार्निश मारल्याशिवाय कोणी डबा उघडायचा नाही. पुढच्या महिन्यात मात्र दोन्ही बाजूंनी रुळांचे फूट-फूटभर तुकडे आणले. आमच्या बाजूचा तुकडा तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्यांवर सोल्डर केलेला होता. प्रत्येक पट्टीच्या मधोमध कानशीने चीर दिलेली, नाहीतर दोन्ही रुळांतली वीज पट्टीतून एकमेकांना मिळते आणि शॉर्ट होतं. दोन ठिकाणी ती चीर राहिली होती. वायर जोडली आणि कंट्रोलर लगेच बंद पडला. सगळ्यांसमोर.

त्या दोन चिरा कुठे राहिल्या ते शोधताना दुसऱ्या बाजूचेच दोघे भिंग घेऊन वाकले. सोल्डरची उष्णता पट्टीत कशी पसरते, रूळ आधी टोकांना पकडावा की मधे, यावर तासभर चर्चा झाली. पूर्ण झालेल्या मॉडेलसमोर अशी चर्चा आमच्याकडे कधी झाली नव्हती. तिथे "छान झालंय" म्हणून माणसं पुढच्या टेबलाकडे जायची. नंतर कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर एक पितळी गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर तपासायचा ठोकळा, काढून घेतला, 19.3 मिमीवर दोन खाचा असलेला. तो रुळांवर ठेवून सरकवायचा, अडला की सोल्डर वितळवून पुन्हा. निर्णय रुंद रुळाच्या बाजूने झाला तो मतदानाने नव्हे. तो गेज हातोहात फिरला आणि विरोध करणाऱ्यांनीच पुढचा तुकडा घातला.

नाव मात्र बराच काळ ठरेना. कोणी 'अर्धवट कामांचं टेबल' म्हणायचं. त्यावर हरकत आली, आणि ती रास्त होती: अर्धवट म्हणजे सोडून दिलेलं, माणसालाही अर्धवट म्हणतात. 'कच्चं काम' म्हटलं तर नवशिक्याला वाटतं, आपल्याला हिणवलं. शेवटी गवंडी आणि इंजिनिअर दोघेही साइटवर वापरतात तोच शब्द राहिला, 'चालू काम'. मिरजेत तर याला वेगळा खुलासा लागू नये. सतारमेकर गल्लीत सुकलेले भोपळे, दांडी न बसलेले तंबोरे, पॉलिश न झालेल्या सतारी उघड्यावरच दिसतात, आणि ते पाहून कोणी म्हणत नाही की कारागीर कमी पडला.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. आमचे बोर्ड एका तळमजल्याच्या खोलीत होते. पाणी ओसरल्यावर प्लायवूड फुगून सुटलं होतं, माउंटबोर्डची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, स्टेशन इमारत लगदा झाली होती. रूळ मात्र गाळातून धुऊन निघाले, कारण पट्ट्या फायबरच्या. आणि दुसरी वाचलेली गोष्ट म्हणजे फोटो. दर महिन्याला चालू कामाचे फोटो काढायची सवय लागली होती: छप्पर नसलेल्या इमारतीची आतली बाजू, रंग न दिलेल्या खांबांची मापं, शेजारी ठेवलेली स्टीलपट्टी. पूर्ण मॉडेलचे फोटो सुंदर होते, पण त्यावरून काही परत बांधता आलं नसतं. बांधकाम झालं ते या अपुऱ्या फोटोंवरून.

लगेच पुढचा धक्का कागदावरून आला. आयात जकातीच्या वर्गवारीत स्केल मॉडेलं खेळण्यांच्याच मथळ्याखाली, 9503 मध्ये, मोडतात. फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरची आयात जकात 20 टक्क्यांवरून 60 झाली, 2023 मध्ये 70. जानेवारी 2021 पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचं झालं. त्या आदेशात खेळणं म्हणजे 14 वर्षांखालील मुलांच्या खेळासाठीची वस्तू, आणि किटच्या खोक्यावर बहुधा '14 वर्षांवरील' असंच छापलेलं असतं. तरी पार्सल अडलं की हे समजावण्याची वेळ ते मागवणाऱ्यावरच येते. देशी खेळणी कारखान्यांना आधार मिळावा हे योग्यच. पण सूक्ष्म सोल्डर करणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचं काम आणि बाळाचा खुळखुळा एकाच ओळीत बसवले की नुकसान होतं, ते मांडायला हवं. या काळात तयार किट परवडेनात म्हणून विमानवाले आणि रणगाडेवालेही शीट कापून स्वतः बनवायला लागले. स्वतः बनवताना खोक्यातला सूचनांचा कागद नसतो. विचारायला दुसरा माणूस लागतो. ते मग आपसूक चालू कामाच्या टेबलाकडे आले, आणि आज संख्येने तेच जास्त आहेत.

जंक्शनचं काम आता पुण्याकडच्या टोकाच्या सांध्यांपर्यंत आलंय. नवे बोर्ड पहिल्या मजल्यावर आहेत. सध्याचा वाद खडीचा. खडी टाकून पातळ फेविकॉल सोडला की पट्ट्या, चिरा, सोल्डर सगळं झाकलं जातं आणि रूळ खऱ्यासारखे दिसतात. काहींना ते लवकर व्हायला हवंय. तूर्त ठरलंय ते इतकंच, की नॅरोगेजच्या फलाटाशेजारी, तिन्ही लाइन समांतर जातात तिथे, एक फुटाच्या तुकड्यावर खडी टाकायची नाही. पितळी गेज तिथेच ठेवलेला असतो, येणाऱ्याने सरकवून बघावा म्हणून.