जांभळट गुलाब आणि साताऱ्याची थंडी

साताऱ्यातल्या माझ्या अंगणात कुंडीत लावलेल्या 'ब्लू मून' गुलाबाला एप्रिलमध्ये आलेले फूल आणि त्याच झाडाला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलेले फूल शेजारीशेजारी ठेवता आले असते, तर ती दोन निरनिराळ्या जातींची फुले आहेत असे कोणालाही वाटले असते. एप्रिलचे फूल लहान होते, पाकळ्या मोजक्याच होत्या, रंग राख मिसळलेल्या गुलाबीसारखा होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कडा करपल्या. डिसेंबरची कळी उमलायलाच चार दिवस लागले. बाहेरच्या पाकळ्यांवर दव तसेच होते, आतली घडी गडद जांभळट होती आणि फूल आठवडाभर टिकले. खत तेच, माती तीच. फरक रात्रीच्या गारव्याचा होता.

आपल्याकडच्या रोपवाटिकांत हा गुलाब 'निळा गुलाब' म्हणून मागितला जातो. वस्तुतः गुलाबात खरा निळा रंग नाही. अनेक निळ्या फुलांना रंग देणारे डेल्फिनिडिन हे द्रव्य घडवण्यासाठी जे विकर (एन्झाइम) लागते, ते गुलाबाकडे नाही. जांभळट गुलाबाचा रंग येतो तो सायनिडिनपासून, म्हणजे लाल गुलाबाला लाल करणाऱ्याच द्रव्यापासून. त्याच्या जोडीला फ्लेव्होनॉल आणि टॅनिन गटातली द्रव्ये असली, पेशीरसाची आम्लता थोडी कमी असली आणि पिवळी रंगद्रव्ये जवळजवळ नसली, की लालाचा जांभळट होतो. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्सीच्या फुलातले जनुक गुलाबात घालून डेल्फिनिडिन तयार करवले. २००४ साली ही घोषणा झाली आणि २००९ मध्ये फुले जपानच्या बाजारात आली. तरीही ती आकाशी झाली नाहीत, जांभळटच राहिली, कारण गुलाबाचा पेशीरस आम्ल असतो. आम्लतेचा हा खेळ घरीही पाहता येतो. गडद जांभळट फुलाच्या मूठभर पाकळ्या गरम पाण्यात चुरून ते पाणी दोन वाट्यांत घ्यावे. एकीत लिंबू पिळल्यास पाणी गुलाबी होते; दुसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्यास ते निळसर-हिरवट होते.

रात्री गार असल्या की पाकळीतील साखर श्वसनात कमी खर्च होते आणि रंगद्रव्ये घडवणारी जनुके अधिक जोमाने काम करतात. उन्हाळ्यात ही निर्मिती मंदावते आणि तयार झालेला रंगही विरतो. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहा-बारा अंशांच्या आसपास उतरते, आणि जांभळट गुलाबाला याहून अनुकूल ऋतू आपल्याकडे दुसरा नाही.

युरोप-अमेरिकेतील बागायतदार मात्र याच गुलाबांना थंडीत नाजूक म्हणून ओळखतात, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. पारा शून्याखाली बराच उतरला की आधी पेशींच्या मधल्या पोकळीतले पाणी गोठते आणि तो बर्फ पेशीतले पाणी बाहेर ओढून घेतो. दिवस लहान आणि रात्री गार होऊ लागताच ज्या झाडाने वाढ थांबवून पेशींत साखर व संरक्षक प्रथिने साठवलेली असतात, त्याच्या पेशी ही कोरड सोसतात. ज्याने तयारी केली नाही, त्याच्या पेशींची आवरणे फाटतात आणि फांदी काळी पडते. आजच्या बागेतल्या टपोऱ्या, 'हायब्रिड टी' नावाच्या संकरित गटातल्या गुलाबांत चीनमधल्या बारमाही गुलाबांचे रक्त आहे. त्या गुलाबांत फुलण्याला आवर घालणारे जनुक बिघडलेले असल्यामुळे झाड सतत कोंब आणि कळ्या काढत राहते. आपण ज्याला गुण म्हणतो, तोच कडक हिवाळ्यात त्याला भोवतो, कारण बर्फ पडतो तेव्हा त्याचे कोवळे फुटवे अजून वाढतच असतात.

जांभळट जातींच्या बाबतीत वंशावळीचा आणखी एक भाग आहे. ग्लॅडिस फिशर यांनी अमेरिकेत तयार केलेला 'स्टर्लिंग सिल्व्हर' १९५७ साली आला. 'पीस' ही गुलाबाची प्रसिद्ध जात त्याचा एक पालक. जर्मनीतील टांटाऊ यांचा 'ब्लू मून' १९६४ चा, आणि पाकळ्यांच्या कडांना माणकासारखी लाली असलेला 'पॅराडाइज' १९७८ चा. पैदासकारांनी या घराण्यात रंगाच्या मागे लागून जोम मागे टाकला, असे माझे मत आहे. 'स्टर्लिंग सिल्व्हर'ला लिंबासारखा सुवास आहे, काटे जवळजवळ नाहीत. पण झाड इतके अशक्त, की नवशिक्याला मी तो कधीच सुचवत नाही. 'पीस'च्या पूर्वजांत पिवळा रंग देणारा रोझा फीटिडा हा रानगुलाब आहे, आणि त्याच्याबरोबर पानांवर काळे ठिपके पडण्याची प्रवृत्तीही गुलाबांच्या अनेक घराण्यांत शिरली.

थंडी सोसणारे जांभळट गुलाब नाहीत असे नाही. एकोणिसाव्या शतकातला, गॅलिका या जुन्या युरोपीय गुलाबांच्या गटातील 'कार्डिनल द रिशेल्यू' किंवा १९०९ मधला वेल गुलाब 'फाइल्शेनब्लाऊ' बर्फाळ प्रदेशांतही टिकतात. परंतु ते वर्षातून एकदाच, हिवाळ्याची दीर्घ विश्रांती घेऊन फुलतात. ती विश्रांती साताऱ्यात मिळत नसल्याने ते मागवण्यात पैसा घालू नये. आपल्यासाठी 'ब्लू मून' आणि 'पॅराडाइज'च बरे.

या झाडांची खरी कसोटी आपल्याकडे पावसाळ्यात लागते. जूनपासून पाने ओली राहतात, काळे ठिपके पसरतात, खालची पाने गळतात आणि छाटलेल्या टोकापासून फांदी खाली काळी पडत जाते. म्हणून कुंडीत वा वाफ्यात पाणी तुंबू देऊ नये, खालची रोगट पाने गोळा करून जाळावीत, आणि दुपारपर्यंत ऊन मिळेल पण नंतर सावली येईल अशी पूर्वेकडची जागा द्यावी. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या मध्यास छाटणी करावी. धारदार कात्रीने, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो त्या उंचवट्याच्या) थोडे वर तिरका काप घ्यावा आणि टोकाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे नेमक्या थंडीत, पहिला बहर येतो. छाटणी नोव्हेंबरअखेर ढकलली, तर बहराचा मोठा भाग उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो आणि रंग हातचा जातो. खुंटावर, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर, डोळा भरलेल्या कलमाला जोडाच्या खालून येणारा फुटवा मुळाशीच काढावा. तो वाढू दिला तर वरचे झाड मरगळते.

महाबळेश्वरची गोष्ट थोडी वेगळी आहे. वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात कधीकधी पहाटे दवबिंदू गोठून गवतावर पांढरा थर दिसतो, आणि त्या वेळी हवेचे तापमान शून्याच्या वरच असू शकते. निरभ्र, निर्वात रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षा अधिक गार होतात आणि थंड, जड हवा सखल भागात साचते. अशा रात्रीने गुलाबाची जुनी, पक्की झालेली फांदी मरत नाही. कोवळे शेंडे आणि अर्धवट उमललेली फुले मात्र करपतात. तेथे लावायचे असल्यास सखल जागा टाळावी, थंडीच्या तोंडावर युरिया देऊ नये, दुपारीच पाणी घालून माती ओलसर ठेवावी, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते, आणि संध्याकाळी झाडावर गोणपाट किंवा जुनी चादर टाकून सकाळी ऊन येताच काढावी. शेंडे करपलेच, तर कात्री लगेच हाती घेऊ नये. छाटले की खालचे डोळे फुटतात आणि पुढच्या गोठणाऱ्या रात्री तेच कोवळे कोंब पुन्हा करपतात. म्हणून थंडीचा जोर ओसरेपर्यंत, साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, काळे पडलेले शेंडे झाडावर तसेच राहू द्यावेत.