पाण्यातील सुझुकी जोडणी

दोन कार्बनी सांगाडे पॅलॅडियम या उत्प्रेरक धातूच्या मदतीने जोडणारी सुझुकी–मियाउरा विक्रिया सेंद्रिय विद्रावकाऐवजी (पदार्थ विरघळवणाऱ्या कार्बनी द्रवाऐवजी) पाण्यात घडवण्याची पद्धत. जपानच्या अकिरा सुझुकी व नोरिओ मियाउरा यांनी ही विक्रिया १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. २०१० च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये सुझुकी यांचा वाटा होता. रक्तदाबावरील लोसार्टन या औषधाच्या रेणूतली दोन बेंझीन वलये याच विक्रियेने जोडता येतात.

औषधनिर्मितीत लागणाऱ्या एकूण मालात मोठा हिस्सा विद्रावकांचाच असतो. त्यांपैकी डायमिथिल फॉर्मामाइड प्रजननास घातक असल्याने युरोपीय संघाने त्याच्या वापरावर डिसेंबर २०२३ पासून निर्बंध घातले.

सुझुकी जोडणी पाण्याला मुळातच मानवते. कार्बन सांगाडे जोडायला वापरला जाणारा मॅग्नेशियमयुक्त ग्रिनयार्ड अभिकर्मक पाणी लागताच नासतो, सुझुकी जोडणीतला एक घटक असलेले बोरॉनिक अम्ल मात्र सहसा टिकते. अडचण वेगळीच: जोडायचे रेणू बहुधा तेलकट, पाण्यात न विरघळणारे. १९९० मध्ये कॅसलनुओव्हो व कॅलाब्रीज यांनी पाण्यात विरघळणारा सल्फोनेट गट जोडलेले फॉस्फीन (पॅलॅडियमला चिकटणारे फॉस्फरसचे संयुग) वापरून पॅलॅडियमच पाण्यात विरघळवले.

कॅलिफोर्नियातील रसायनशास्त्रज्ञ ब्रूस लिपशुट्झ यांची वाट साबणाची. ई जीवनसत्त्वाला सक्सिनिक अम्लाच्या दुव्याने पॉलिएथिलीन ग्लायकॉलची शेपटी जोडून त्यांनी टीपीजीएस-७५०-एम हा पृष्ठसक्रियक, म्हणजे साबणासारखा पदार्थ, बनवला. पाण्यात तो वजनाने २ टक्के घातला की त्याचे गोळे, म्हणजे मिसेल, तयार होतात. तेलकट रेणू आणि उत्प्रेरक त्यांच्या पोटात शिरतात. एवढ्याशा जागेत दाटी होते, म्हणून विक्रिया अनेकदा खोलीच्या तापमानालाच होते. चंबूत दिसतो तो दुधाळ, ढवळत राहिलेला द्रव. उत्पादन घन असेल तर ते खाली बसते, गाळून घेता येते आणि उरलेले पाणी पुढच्या खेपेला चालते.

आसाममध्ये केळीच्या सालीची राख पाण्यात भिजवून, गाळून खार करतात आणि तो स्वयंपाकात वापरतात. तिथल्याच संशोधकांनी २०१५ मध्ये अशा राखेच्या पाण्यात पॅलॅडियम ॲसिटेट टाकून, लिगंड (फॉस्फीनसारखा धातूला चिकटणारा रेणू) न वापरता, ही जोडणी खोलीच्या तापमानाला करून दाखवली. विक्रियेला लागणारा क्षारक राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटसारख्या क्षारांतून मिळतो.

नुसते पाणी वापरले म्हणून पद्धत हरित ठरत नाही. शेवटी उत्पादन काढायला एथिल ॲसिटेट भरपूर ओतावे लागले, तर विद्रावकाची बचत तिथेच संपते. पॅलॅडियम व सेंद्रिय अवशेष मिसळलेले सांडपाणी शुद्ध करणे तर वापरलेले विद्रावक ऊर्ध्वपातनाने परत मिळवण्यापेक्षाही अवघड पडू शकते. त्यामुळे अशा पद्धतीचे मोजमाप किती टक्के उत्पादन हाती आले यावर थांबवू नये. दर किलो उत्पादनामागे किती कचरा निघाला, हेही पाहावे.