इंजिन आणताना फ्लायव्हील काढू नका

ओव्हरहॉलला (पूर्ण खोलून दुरुस्तीला) आमच्याकडे इंजिन आणताना बरेच ग्राहक फ्लायव्हील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला बसवलेलं जड चाक, घरीच उतरवून येतात. ओझं कमी होतं हे खरं, पण जमत असेल तर ते क्रँकशाफ्टवरच राहू द्या. ते कसं बसलं होतं यावरून आम्हाला बरंच कळतं. शिवाय फ्लायव्हील निघेना म्हणून घातलेले हातोड्याचे घाव शेवटी क्रँकशाफ्टला भोवतात.

चारचाकीच्या इंजिनात फ्लायव्हील क्रँकशाफ्टच्या फ्लँजला (टोकाच्या चपट्या चकतीला) बोल्टने आवळलेलं असतं. क्लच उतरवला की आमचं पहिलं काम म्हणजे फ्लायव्हील आणि फ्लँज दोन्हींवर पंचाने जोडखूण करणं. काही इंजिनांत जागा पक्की करणारी डॉवेल पिन असते किंवा बोल्टची भोकं असमान अंतरावर असतात, तिथे चूक होऊच शकत नाही. बाकी ठिकाणी ते कसंही बसतं आणि घोटाळा तिथेच होतो. क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील एकत्र बॅलन्स केलेली असतील तर एक भोक इकडेतिकडे झालं तरी इंजिन थरथरतं. टायमिंगची खूण फ्लायव्हीलवर असेल तर तीही चुकते.

बोल्ट सोडताना चाक फिरू नये म्हणून रिंग गिअरच्या (फ्लायव्हीलच्या कडेचं दातेरी कडं, ज्यात स्टार्टर अडकतो) दातांत लॉकिंग टूल अडकवतो. तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसू नये, दाताचा टवका उडतो. लॉकिंग केमिकल लावलेले बोल्ट थोडी ऊब दिली की सुटतात. समोरासमोरचे दोन बोल्ट मात्र शेवटपर्यंत काही आट्यांवर ठेवतो, कारण बिडाचं हे धूड पायावर आलं तर बोटं राहत नाहीत.

एक सिलिंडरच्या बऱ्याच छोट्या इंजिनांत आणि मोटारसायकलींच्या मॅग्नेटमध्ये (आत चुंबक असलेलं, वीज तयार करणारं फ्लायव्हील) प्रकार वेगळा. तिथे पकड असते ती टेपरची, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या टोकाची. चावी (खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा) फक्त जागा ठरवते. नट उलट्या आट्यांचा तर नाही ना, हे आधी बघावं लागतं. मग त्याच मॉडेलचा पुलर (चाक ओढून काढायचं अवजार) लावून ताण द्यायचा, थांबायचं, पुन्हा थोडा ताण द्यायचा. टेपर सुटतो तो एकदम, ‘टक्‌’ असा आवाज करून. पुलरच्या रचनेत जमत असेल तर नट काही आट्यांवर तसाच ठेवतो, म्हणजे चाक उडून खाली पडत नाही. शाफ्टच्या तोंडावर हातोडा मारला तर आटे चेपतात, आणि प्रेस करून जोडलेला क्रँक वाकडा होऊ शकतो. चाकावर मारला तर आतले चुंबक तडकतात.

फ्लायव्हील निघालं की क्लचच्या बाजूचे निळे डाग आणि बारीक तडे तपासतो. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठराविक जागीच थांबतं, म्हणून रिंग गिअरचे दात समोरासमोर दोन ठिकाणी जास्त झिजलेले दिसतात. स्टार्टर कधीकधी नुसताच फिरतो, अशी तक्रार असेल तर तिचं मूळ इथे सापडू शकतं. मागचं ऑइल सील आम्ही न विचारता बदलतो. ते स्वस्त असतं, पण नंतर गळलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. ड्युअल मास फ्लायव्हील (मधे स्प्रिंग असलेलं, दोन भागांचं) आम्ही लेथवर घेत नाही. त्याची ढील मर्यादेबाहेर असेल तर ते बदलायलाच लागतं.

बसवताना कंपनीने एकदाच वापरायला सांगितलेले बोल्ट नवेच लागतात, ते बिलात वेगळे दिसतील. भोकं आरपार क्रँककेसमध्ये उघडत असतील तर आट्यांना सीलंट लावतो, नाहीतर तेल थेट क्लचवर येतं.

फ्लायव्हील आधीच काढलं असेल तर जुने बोल्ट, वॉशर आणि चावी एका पिशवीत घालून सोबत आणा. चावी थोडीशी जरी कातरलेली दिसली तरी फेकू नका, आम्हाला ती बघायची असते.